कूलर परदेशी निघतो तेव्हा

विजेवर चालणारी वस्तू परदेशात विकायची असेल, तर ती वापरणाऱ्याला शॉक देणार नाही, पेट घेणार नाही आणि कुणाचे बोट तोडणार नाही, हे त्या देशाने मान्य केलेल्या पद्धतीने सिद्ध करावे लागते. या सिद्ध करण्यालाच सुरक्षा प्रमाणन म्हणतात. वस्तू भारतात वर्षानुवर्षे खपते आहे, गिऱ्हाईक खूश आहे, अंगावर आयएसआयचा शिक्का आहे, यांतले काहीच परदेशी बंदरावर पुरेसे ठरत नाही. ज्या भिंतीत प्लग बसणार, त्या भिंतीच्या देशाचा कायदा लागू होतो.

बुलढाणा जिल्ह्याचे नाव बाजारात घेतले जाते ते कापूस, सोयाबीन आणि खामगावच्या चांदीसाठी. विजेच्या वस्तूंचा धंदा इथे बहुतेक वर्कशॉपच्या आकाराचा आहे. मोटर रिवाइंडिंगची दुकाने, शेतीपंपाचे स्टार्टर आणि पॅनेल जोडणारे कारागीर, आणि फेब्रुवारी उलटला की पत्र्याचे कूलर रंगवून रस्त्याकडेला वाळत ठेवणारे. खामगाव, मलकापूर आणि चिखलीला औद्योगिक वसाहती आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. मेहकर आणि सिंदखेडराजावरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. न्हावा शेवा बंदरापर्यंत माल पोहोचवणे ही आता मोठी अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती कागदाची, आणि कागदाच्याही आधी वस्तूच्या रचनेची.

विदर्भाचा कूलर हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण. पत्र्याची पेटी, तळाला पाण्याची टाकी, पाण्यात बुडालेला छोटा पंप, वर पंख्याची मोटर, आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस. विजेच्या अपघाताला लागते ते सगळे इथे एकाच ठिकाणी जमलेले असते. कूलरचा करंट लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतात, आणि कूलर थ्री-पिन प्लगवरच चालवा, पाणी भरताना प्लग काढा, असे महावितरणला दर मोसमात सांगावे लागते. घरी जो धोका सूचनेने टाळायचा, तोच निर्यातीच्या वस्तूत रचनेनेच टाळलेला असावा लागतो. ग्राहक सूचना वाचेल, या भरवशावर कोणताही देश प्रमाणपत्र देत नाही.

बहुतेक देशांच्या मानकांचा पाया एकच आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, ही संस्था १९०६ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. लॉर्ड केल्व्हिन तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि १९४८ पासून तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे. (नव्या निर्यातदाराचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळणाऱ्या आयात-निर्यात क्रमांकालाही इंग्रजी आद्याक्षरांनी आयईसीच म्हणतात. तो क्रमांक व्यापार करण्याची मुभा देतो. वस्तूच्या सुरक्षिततेशी त्याचा काही संबंध नाही.) घरगुती विद्युत उपकरणांचे आयईसी मानक ६०३३५ या क्रमांकाचे आहे. त्याचा पहिला भाग सर्व उपकरणांना लागू होतो आणि पुढचे भाग पंखा, पंप, मिक्सर अशा एकेका प्रकारासाठी आहेत. दिव्यांसाठी ६०५९८, पॅनेलसाठी ६१४३९, फिरत्या मोटरींसाठी ६००३४ अशी वेगळी मानके आहेत. भारताचे आयएस ३०२ हे मानक याच घराण्यातले. म्हणून आयएसआय शिक्क्यासाठी घेतलेली मेहनत पूर्ण वाया जात नाही, पण ती अर्ध्या वाटेपर्यंतच नेते.

प्रयोगशाळेत काय होते, हे कळले की रचनेत काय बदलायचे ते आपोआप कळते. कूलरसारखे पत्र्याच्या अंगाचे उपकरण ‘पहिल्या वर्गात’ मोडते. आतल्या तारांवर इन्सुलेशन असतेच, शिवाय हाताला लागणारा सगळा धातू अर्थिंगला जोडलेला असावा लागतो. तो खरोखर जोडलेला आहे का, हे तपासायला अर्थिंगच्या वाटेने निदान २५ अँपिअरचा प्रवाह सोडतात आणि रोध ०.१ ओहमपेक्षा जास्त नाही ना, ते मोजतात. रंगावर वॉशर ठेवून बोल्ट आवळला असेल, तर कूलर इथेच नापास होतो. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, स्वतंत्र बोल्टवर अर्थिंग घेतले असेल तर पास. खर्चाचा फरक काही रुपयांचा.

मग येते पाण्याची परीक्षा, आणि कूलरवाल्याने ती नीट समजून घ्यावी. टाकी काठोकाठ भरतात. पाणीही साधे नव्हे, त्यात सुमारे एक टक्का मीठ घातलेले, म्हणजे ते वीज चांगली वाहून नेईल. मग टाकीच्या क्षमतेच्या पंधरा टक्के, निदान पाव लिटर, इतके पाणी एका मिनिटात संथपणे आणखी ओततात. घरात बादली कलंडली तर जे होते, ते मुद्दाम घडवून आणायचे. त्यानंतर उपकरणाच्या इन्सुलेशनला हजार व्होल्टहून अधिक दाबाची चाचणी सोसावी लागते, आणि आत पाण्याचा माग अशा जागी दिसता कामा नये जिथे तो दोन उघड्या टोकांमधले अंतर कमी करील. इथल्या बऱ्याच कूलरमध्ये स्विच आणि कंडेन्सरची जागा टाकीच्या काठाच्या वर वीतभर असते, आणि पाणी ओतायचे झाकण त्याच बाजूला. ही जागा बदलल्याशिवाय बाकी काहीही केले तरी उपयोग होत नाही. याखेरीज उपकरण ९३ टक्के दमट हवेच्या कपाटात ४८ तास ठेवतात आणि मग गळती प्रवाह मोजतात. एका जागी ठेवायच्या, मोटरवर चालणाऱ्या पहिल्या वर्गाच्या उपकरणाला ३.५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे, आणि हातात धरून किंवा हलवून वापरायच्या उपकरणाला ०.७५.

पंख्याचे पाते मुद्दाम अडवून मोटर चालू ठेवण्याची चाचणी अनेकांना क्रूर वाटते. पण गवताची काडी, चिंधी किंवा गंजलेला बुश मोटर अडवतोच, आणि अडलेल्या मोटरचे वाइंडिंग तापून पेटू नये अशी अपेक्षा असते. मोटरमध्ये थर्मल कटआउट नसेल तर उत्पादकाला बहुधा ते घालावे लागते. प्लॅस्टिकच्या भागांना तापलेली तार टेकवून पाहतात. कुणाची देखरेख नसताना चालणाऱ्या उपकरणात विजेच्या जोडण्यांना धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकला ८५० अंश सेल्सिअसची परीक्षा असते. दुसऱ्या एका चाचणीत गरम केलेल्या प्लॅस्टिकवर पाच मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी दाबतात. खड्डा दोन मिलिमीटरपेक्षा मोठा पडला तर ते प्लॅस्टिक बाद. भंगारातून पुन्हा वितळवलेले स्वस्त प्लॅस्टिक इथे उघडे पडते.

वायर ओढण्याची चाचणी दिसायला सोपी, पण नापास करणारी. चार किलोपेक्षा जड उपकरणाची वायर १०० न्यूटनच्या जोराने, म्हणजे साधारण दहा किलोच्या ओढीने, पंचवीस वेळा ओढतात. ती दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर संपले. वायरला आत गाठ मारून ठेवण्याची आपली पद्धत मानकाने नावानिशी नाकारली आहे, तिथे नीट आवळणारी पकड लागते. अर्थिंगच्या तारेचा रंग हिरवा-पिवळा पट्टेदारच असावा लागतो. इथल्या बाजारात अजून वापरली जाणारी निव्वळ हिरवी तार चालत नाही. आणि शेवटी वस्तूवरची माहितीपट्टी. ती पंधरा सेकंद ओल्या फडक्याने आणि पंधरा सेकंद पेट्रोलियम स्पिरिट लावलेल्या फडक्याने घासतात. अक्षरे पुसली, पट्टी सुटली किंवा कडा वळली तर तेवढ्यावरूनही अहवाल अडतो.

या चाचण्या देशोदेशी थोड्याफार सारख्याच. वेगळी असते ती वीज. भारत, युरोप आणि आखातातले बहुतेक देश २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झवर चालतात. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, पण पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. सौदी अरेबियाचा फास सर्वांत फसवा, कारण तिथे आता व्होल्टेज भारतासारखे २३०, पण वारंवारता ६० हर्ट्झ. इंडक्शन मोटरचा वेग वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, आणि पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ५० हर्ट्झसाठी बांधलेला पंखा ६० हर्ट्झवर सुमारे एकपंचमांश अधिक जोरात फिरू पाहतो आणि त्याच्या मोटरवर जवळजवळ पावणेदोनपट भार येतो. खामगावात दहा वर्षे चाललेली मोटर रियाधमध्ये पहिल्या उन्हाळ्यात जळू शकते. आणि रियाधची हवा कोरडी, म्हणजे कूलरला मानवणारी. दुबई किंवा मस्कतच्या दमट किनाऱ्यावर कूलर तितका गारवा देत नाही. ज्या बाजारात कूलर खपण्याची शक्यता अधिक, नेमकी तिथेच वारंवारता वेगळी आहे. बरे, प्लगही वेगळा. आखातात आणि केनिया, युगांडा, टांझानियात ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग चालतो. भारतीय गोल पिनांचा प्लग लावून पाठवलेला माल तिथे विकण्याजोगा नसतो.

आता कायद्याची वाट. युरोपीय संघात सीई हे चिन्ह लागते, आणि त्याबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ५० ते १००० व्होल्ट एसीवरच्या वस्तूंना लागू होणाऱ्या २०१४/३५ क्रमांकाच्या निर्देशात उत्पादकाने स्वतःच जबाबदारी घ्यायची असते. मानकाप्रमाणे चाचण्या करून घ्यायच्या, रेखाचित्रे, सुट्या भागांची यादी, धोक्यांचे विश्लेषण आणि चाचणी अहवाल यांची तांत्रिक फाइल तयार करायची, अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही करायची आणि मग निदान पाच मिलिमीटर उंचीचे चिन्ह वस्तूवर छापायचे. या निर्देशात सरकारमान्य त्रयस्थ संस्थेला भूमिकाच दिलेली नाही. तेव्हा काही हजार रुपयांत ‘सीई सर्टिफिकेट’ काढून देणारा दलाल जे विकतो, त्याला कायद्यात किंमत नाही. मागे फाइल नसेल तर तो नुसता रंगीत कागद. फाइल दहा वर्षे जपावी लागते आणि तिथल्या अधिकाऱ्याने मागितली की द्यावी लागते. जोडीला विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा २०१४/३० हा निर्देश आहे, आणि शिसे, पारा, कॅडमियम यांसारख्या पदार्थांवर मर्यादा घालणारा २०११/६५ हाही. शिसे असलेल्या साध्या सोल्डरने जोडलेले सर्किट या शेवटच्या निर्देशातच अडकते. जुलै २०२१ पासून अशा वस्तूंसाठी संघात पत्ता असलेली जबाबदार व्यक्ती किंवा संस्थाही दाखवावी लागते. ब्रिटनने बाहेर पडल्यावर स्वतःचे यूकेसीए चिन्ह काढले, पण २०२३ मध्ये बहुतेक वस्तूंसाठी सीई चिन्हही बेमुदत मान्य ठेवण्याचे जाहीर केले.

अमेरिकेची रीत अगदी उलटी. तिथे कागदावरची स्वतःची घोषणा चालत नाही, त्रयस्थ संस्थेची मोहोर लागते, आणि ती मागतो तो विमा कंपनीच्या धाकातून जन्मलेला बाजार. १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात लाखो दिवे लागणार होते आणि आगीच्या भीतीने विमा कंपन्या धास्तावल्या होत्या. त्यांनी विल्यम मेरिल या तरुण विद्युत अभियंत्याला पाहणीला पाठवले. त्यातूनच १८९४ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही संस्था उभी राहिली, जिचे यूएल हे चिन्ह आज सर्वपरिचित आहे. (मराठी वाचकाला ते प्रदर्शन ठाऊक आहे ते स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे.) यूएलखेरीज इंटरटेकचे ईटीएल आणि कॅनडाच्या सीएसएचे चिन्हही चालते, कारण अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने अशा अनेक प्रयोगशाळांना मान्यता दिली आहे. फरक पडतो तो पुढच्या वागणुकीत. युरोपमध्ये चिन्ह छापल्यावर कुणी रोज विचारायला येत नाही. यूएलचा निरीक्षक मात्र कारखान्यात वर्षातून साधारण चार वेळा, तेही न सांगता येऊ शकतो, आणि मंजूर यादीतली वायर, मंजूर यादीतला स्विचच वापरला जातो आहे ना, हे पाहतो. पुरवठादाराने माल दिला नाही म्हणून जिल्ह्यातल्या दुकानातून दुसरा स्विच आणून बसवला, तर त्या दिवसापासूनच्या मालावर ते चिन्ह लावता येत नाही.

आखाती देशांनी मिळून जी-चिन्ह ठरवले आहे. कमी दाबाच्या विद्युत उपकरणांसाठी ते २०१६ पासून लागू आहे. घरगुती पंख्यांसारख्या काही वस्तू दुसऱ्या यादीत येतात आणि त्यांना मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सौदी अरेबियात त्यावर साबर ही ऑनलाइन व्यवस्था आहे. तिथे नोंदणी आयातदार करतो, आणि वस्तूचे एक प्रमाणपत्र व प्रत्येक खेपेचे वेगळे एक अशी दोन लागतात. केनियाने २००५ पासून माल निघण्याआधीच मूळ देशात तपासणी करून घेण्याची सक्ती केली आहे. पूर्व आफ्रिकेतल्या इतर काही देशांचीही अशीच रीत आहे. माल आधी पाठवून कागद नंतर करू, असे तिथे जमत नाही.

देशागणिक नव्याने चाचण्या करणे परवडत नाही, म्हणून आयईसीच्याच छत्राखाली सीबी योजना आहे. एका देशातल्या मान्य प्रयोगशाळेने चाचणी केली आणि तिथल्या राष्ट्रीय प्रमाणन संस्थेने प्रमाणपत्र दिले, की पन्नासहून अधिक सदस्य देशांतल्या संस्था तो अहवाल पाया म्हणून स्वीकारतात आणि फक्त आपापल्या देशाचे वेगळे मुद्दे तपासतात. भारतात इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचे एसटीक्यूसी संचालनालय हे काम करते, आणि त्याची पश्चिम विभागाची प्रयोगशाळा मुंबईत अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मुंबईतच चुनाभट्टीला १९६९ मध्ये स्थापन झालेली आयडीईएमआय ही सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची संस्था लहान उद्योजकाला अधिक जवळची वाटते. पंप आणि मोटरींसाठी बडोद्याची ईआरडीए. खासगी आंतरराष्ट्रीय संस्थांच्या प्रयोगशाळा पुणे आणि बंगळुरूकडे आहेत. चाचणीला देण्याआधी त्या प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता नेमक्या त्याच मानकासाठी आहे का, हे पाहावे. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, एकेका चाचणीसाठी असते.

दुसऱ्याच्या कसोटीवर आपला माल घासून घेणे खामगावला नवे नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव लोहमार्ग खुला केला तो इथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे लवकर जावा म्हणून, आणि त्याच्या सात वर्षे आधी मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला होता, कारण भिजवलेल्या आणि सरकी मिसळलेल्या गाठींनी मुंबईच्या कापसाचे नाव परदेशी बाजारात खराब केले होते. एका व्यापाऱ्याने केलेली लबाडी साऱ्या मुलखाच्या भावात कापली जात असे. विजेच्या वस्तूंचेही तसेच. युरोपीय संघाच्या सेफ्टी गेट या व्यवस्थेवर धोकादायक वस्तूंची यादी छायाचित्र आणि मूळ देशाच्या नावासह सर्वांना पाहायला खुली असते.

खर्चाचा अंदाज वस्तूप्रमाणे बदलतो, पण क्रम बदलू नये. आधी खरेदीदाराकडून देश, व्होल्टेज, वारंवारता, प्लग आणि लागणारे चिन्ह लेखी घ्यावे. मग मानक विकत घेऊन वाचावे. मग नमुना बनवावा, मंजूर सुटे भाग वापरावेत, आणि औपचारिक अर्जाआधी त्याची खासगीत पूर्वचाचणी करून घ्यावी. नापास नमुन्याची दुरुस्ती वर्कशॉपमध्ये एका दिवसात होते, अर्ज दाखल झाल्यावर त्याच दुरुस्तीला महिने आणि नवे शुल्क लागते. एकाच वस्तूची पाच मॉडेल असतील तर ती एका कुटुंबात बसतील अशी आखणी केली, तर सर्वांत मोठ्या मॉडेलच्या चाचण्यांवर बाकीची बरीचशी निघून जातात. कोणत्या सवलती मिळतील याची चौकशी बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. अभियांत्रिकी मालाच्या निर्यातदारांसाठी ईईपीसी इंडिया ही परिषद १९५५ पासून आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या निर्यात प्रोत्साहन मिशनमध्येही गुणवत्ता आणि प्रमाणनाच्या खर्चाला मदतीची तरतूद आहे.

ज्याला आजच सुरुवात करायची आहे, त्याने या मोसमाच्या कूलरमध्ये हिरव्या तारेऐवजी हिरवी-पिवळी तार घालावी आणि अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडावा. ती तार इलेक्ट्रिकच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते.